प्रगतशील शेतकऱ्याच्या मातोश्री

ग्रामीण वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांचा साचा सगळ्यांना पाठ आहे. "येथील श्रीमती अमुकबाई यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्या मनमिळाऊ, प्रेमळ व धार्मिक स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे, परतवंडे असा मोठा परिवार आहे. प्रगतशील शेतकरी अमुक यांच्या त्या मातोश्री होत." दहाव्याच्या प्रवचनात महाराज मातृऋणावर बोलतात. गावातली दोन-चार मंडळी श्रद्धांजलीला उभी राहतात आणि माउलीनं काबाडकष्ट करून लेकरं मोठी केली, असं गहिवरून सांगतात. सांगणाऱ्याचं दुःख खरं असतं, त्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण त्या चार ओळींत 'शेतकरी' हा शब्द एकदाच येतो आणि तो मुलासाठी येतो. जिनं साठ वर्षं पेरलं, खुरपलं, राखलं, काढलं, साठवलं, ती मातोश्री.

शेतकरी कुटुंबातल्या आईला, आजीला आठवायचं असेल तर तिला आधी शेतकरी म्हणून आठवलं पाहिजे. तसं आठवणं भाषणापुरतं ठेवून भागणार नाही. ते कागदावर, नोंदीत आणि बियाण्याच्या गाडग्यात उतरलं पाहिजे. यातलं बरंचसं ती जिवंत असतानाच करावं लागतं, म्हणून हा विषय तेराव्याच्या जेवणावळीपर्यंत लांबवू नये.

'काबाडकष्ट' या शब्दानं तिच्या कामातलं कसब झाकून टाकलं आहे. कष्ट म्हटले की अंगमेहनत डोळ्यांपुढे येते, डोकं येत नाही. म्हणून एकच काम जवळून पाहू. तिफणीनं रब्बीची ज्वारी पेरताना चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या नळ्यांवर बसवलेल्या बियाण्याच्या वाटीवर, मूठ धरणं हे पुष्कळ गावांत बाईचं काम. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर धरलं तर एका एकरात जवळजवळ नऊ किलोमीटर लांबीची ओळ भरते. तीन फणांची तिफण असली तरी मूठ धरणारीला एकरामागे तीन किलोमीटर ढेकळांतून चालावं लागतं, आणि चालता चालता मुठीतलं बी बोटांनी चाड्याच्या तिन्ही छिद्रांत सारखं सोडावं लागतं. एकरी बियाणं चार किलो. मालदांडीसारख्या टपोऱ्या दाण्याचा हिशेब केला तर ओळीच्या एका मीटरात बारा-तेरा दाणे पडले पाहिजेत. पुढे विरळणी करून त्यातली सहा-सात ताटं, म्हणजे उभी रोपं, राखायची, म्हणजे एकरी साठेक हजार ताटं राहतात. कृषी विद्यापीठांची शिफारस याच आकड्याच्या आसपास आहे. विद्यापीठानं ते मोजपट्टीनं काढलं, हिनं बोटांच्या चिमटीवर.

मूठ सैल सुटली तर पीक दाट उगवतं. रब्बीची ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर जगते. ताटं जास्त झाली की ती ओल फुलोऱ्याच्या आतच संपते, दाणा भरत नाही आणि खोड आतून पोकळ होऊन पीक लोळतं. त्यालाच खडखड्या म्हणतात. मूठ आवळली तर नासं पडतात, म्हणजे ओळीत मधेमधे बीच पडत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत तण बसतं. बैल वेगानं चालले तर मूठही त्या वेगानं सोडायची, चढावर थांबले तर थांबायची. मागे दोरीला बांधलेलं मोघणं, म्हणजे दुसऱ्या पिकाचं बी सोडायची वेगळी नळी, असेल तर करडईची ओळ वेगळी सांभाळायची. हे कसब एका मोसमात येत नाही. ज्या घरात अशी बाई असते, त्या घराची पेरणी संपली की शेजारी तिला बोलवायला येतात. एवढं असूनही तिच्या श्रद्धांजलीत तिच्या मुठीचा उल्लेख कुणी केल्याचं सहसा ऐकू येत नाही. पुरणपोळीचा उल्लेख मात्र दरवेळी असतो. जे आपल्या ताटात पडलं तेवढंच आपण लक्षात ठेवलं.

गोठ्याचीही तीच गत. शेणकूर, वैरण, पाणी, धार, वासराचं पाजणं, म्हशीचा माज ओळखणं, व्यायच्या रात्री कंदील घेऊन बसणं ही कामं तिची. दूध संस्थेतलं सभासदत्व मात्र नवऱ्याच्या, पुढे मुलाच्या नावावर. दर दहा दिवसांनी होणारं बिल त्याच नावानं निघतं, वर्षअखेरीचा दरफरकही. तिनं धार काढली याची नोंद उभ्या जन्मात कुठल्याही वहीत होत नाही.

हा एकट्यादुकट्या घराचा प्रश्न असता तर वैचारिक लेखाचं कारण नव्हतं. ग्रामीण भारतात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत मात्र स्त्रियांच्या नावे असलेली वहिवाटखाती, म्हणजे कसल्या जाणाऱ्या जमिनीची खाती, सुमारे १४ टक्केच निघाली. राबणाऱ्या हातांत आणि कागदावरच्या नावांत एवढी दरी आहे. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा खर्च आढळला, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा. शेतावरून ती संध्याकाळी परत येते तेव्हा ही पाच तासांची पाळी अजून संपायची असते.

नोंद न होण्याला सरकार एकटं जबाबदार नाही. रकाने आहेत. ते भरताना घरचेच चुकीचं सांगतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यासाठीच्या प्रपत्रात मृत व्यक्तीचा व्यवसाय विचारणारा एक रकाना असतो. दुःखात असलेला मुलगा किंवा पुतण्या ग्रामपंचायतीत जातो आणि तिथे 'गृहिणी' किंवा 'काही नाही' असं सांगून येतो. तिथे 'शेती' लिहायला पैसे पडत नाहीत, पुरावा लागत नाही.

जनगणनेचंही तसंच. जनगणनेच्या व्याख्येत कुटुंबाच्या शेतावर बिनमजुरीनं केलेलं काम हे काम धरलं जातं, अर्धवेळ मदतसुद्धा. सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलेल्या व्यक्तीची गणना मुख्य काम करणाऱ्यांत होते, त्याहून कमी असेल तर सीमांतिक काम करणाऱ्यांत. म्हणजे पेरणी, खुरपणी, काढणी आणि रोजचा गोठा धरला तर बहुतेक शेतकरी बाया मुख्य काम करणाऱ्यांत बसतात. पण प्रगणक ओट्यावर बसतो, उत्तरं घरातला पुरुष देतो आणि "आई काय करते?" या प्रश्नाला "घरीच असते" असं उत्तर जातं. त्या वेळी आई रानात असते. २०२७ च्या जनगणनेत हा प्रश्न पुन्हा दारात येणार आहे. उत्तर देणाऱ्यानं तेवढ्यापुरतं थांबून वर्षाचे महिने बोटांवर मोजावेत.

आता सातबारा. आजीचं नाव सातबाऱ्यावर बहुधा केव्हा लागतं? नवरा गेल्यावर. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता वारला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. म्हणजे जेव्हा ती रानात राबत होती तेव्हा कागदावर शेतकरी नव्हती, आणि गुडघे गेल्यावर, मोतीबिंदू उतरल्यावर वारस म्हणून खातेदार झाली. तेही सगळीकडे सरळ होत नाही. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या मुलाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी नोंद सापडते आणि बाकी सगळे त्या तीन अक्षरांच्या आड जातात. कित्येक उताऱ्यांवर आईचं आणि बहिणींचं नाव कब्जेदाराच्या रकान्यात न घालता 'इतर हक्क' या रकान्यात घातलेलं असतं. जिनं जमीन कसली ती इतर.

याला तोड निघाली नव्हती असं नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. पुढे संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: बायकोचं ऋण मानत असाल तर जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावातली शंभर घरं हे करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. लोकांनी केलंही. त्यानंतर १९९२ मध्ये शासनानं परिपत्रक काढलं आणि नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून उताऱ्यावर लावायची वाट मोकळी झाली. तीस वर्षं उलटून गेली. आज कितीतरी गावांत या परिपत्रकाचं नावही माहीत नाही, आणि जिथे माहीत आहे तिथे "बघू, घाई काय" असं म्हणत नवऱ्याचा तेरावा येतो.

करायचं ते फार अवघड नाही. नवरा हयात असताना त्यानं तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्यायचा. सोबत चालू सातबारा, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा, दोघांचे आधार आणि लग्नाचा किंवा रेशनकार्डाचा पुरावा जोडायचा. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. पण सातबाऱ्यावरची नोंद ही महसुली नोंद आहे. मालकी आणखी पक्की हवी असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं. शेतजमीन नवरा-बायकोत किंवा मुलानातवंडांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. इतर आकार वेगळे.

नवरा गेल्यावरच्या वारस नोंदीत अडतं ते बहुतेक वेळा नावावर. आपल्याकडे बाईला दोन-तीन नावं असतात: माहेरचं, लग्नात बदललेलं, आणि गावानं हाक मारून पक्कं केलेलं. सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कुठे 'बाई' लागलेलं, कुठे गळलेलं. जन्मतारखेचा पत्ता नसल्यानं आधारवर १ जानेवारी. या नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, वंशावळ, पोलीस पाटलाचा दाखला असं सगळं गोळा करावं लागतं, आणि वर्ष निघून जातं. ती हयात असतानाच सगळ्या कागदांवर एक नाव करून घेतलं तर पुढचं निम्मं रडणं वाचतं. वारस नोंदीची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. २०२५ च्या एप्रिलपासून शासनानं 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर घेतली, ती एवढ्याचसाठी की वारलेल्यांची नावं वर्षानुवर्षं उताऱ्यांवर तशीच राहिली होती. मोहिमेत अर्ज करताना मुलींची आणि आईची नावं वंशावळीत पूर्ण लिहिली का, हे ज्याचं त्यानंच तपासायचं आहे. वंशावळ घरचेच लिहून देतात, गळणारी नावं तिथेच गळतात.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. तेराव्याला सगळे नातेवाईक एकत्र आलेले असतात, तोच मुहूर्त साधून आईचा आणि बहिणींचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतला जातो. स्थावर मिळकतीतला हक्क नोंदणीकृत दस्तानंच सोडता येतो, नुसत्या जबाबावर किंवा साध्या कागदावर सुटत नाही. पण वाहन करून सगळ्यांना तालुक्याला नेलं तर दुपारपर्यंत तोही दस्त होतो. वडिलांचं दुःख ताजं असताना आईला तिच्या आयुष्यातला एकुलता कायदेशीर हक्क सोडायला सांगणं ही क्रूरता आहे, मग ती कितीही गोड बोलून केलेली असो. निदान वर्षश्राद्ध होईपर्यंत असा दस्त करू नये, एवढा नियम भावकीनं स्वतःवर घालून घ्यावा.

यावर येणारे आक्षेप ओळखीचे आहेत. "घर तिचंच आहे, तिला कागद कशाला?" घर तिचंच असेल तर कागदावर लिहायला अडचण कसली? "जमिनीचे तुकडे होतील." सहहिस्सेदार म्हणून नाव लागल्यानं तुकडा पडत नाही, बांध सरकत नाही, वहिवाट तीच राहते. फक्त जमीन विकताना तिची सही लागते. कर्जापायी किंवा व्यसनापायी विकल्या गेलेल्या कितीतरी जमिनी एका जास्तीच्या सहीनं वाचल्या असत्या. "बहिणी उद्या हिस्सा मागतील." बहिणींचा हिस्सा आईच्या नावामुळे तयार होत नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही असं स्पष्ट केलं. आईच्या नावची जमीन तिची स्वतःची असते. ती तिचं मृत्युपत्र करू शकते, त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात.

चौथा आक्षेप जरा खोल आहे. आईच्या आठवणीत व्यवहार आणू नये, माया मोजायची नसते. हे म्हणणाऱ्याचा आदर ठेवूनही सांगावं लागतं की व्यवहारात आईच आधी उतरली होती. विहीर खोदताना, पहिली मोटार बसवताना, बैल मेल्यावर दुसरा घेताना सोनाराकडे गेलेली बोरमाळ, पुतळ्या, पाटल्या तिच्या होत्या. ते शेतीतलं भांडवल होतं आणि पुष्कळ घरांत ते परत आलं नाही. ज्या कुटुंबाकडे सोसायटीच्या कर्जाचा पै न् पैचा हिशेब आहे, त्यानं या सोन्याची एक ओळ तरी कुठेतरी लिहिलेली असावी.

नाव नसल्याची किंमत तर दर मोसमाला मोजावी लागते. पीककर्ज, नुकसानभरपाई, पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार रुपये, आणि २०२५ पासून योजनांसाठी मागितला जाणारा शेतकरी ओळख क्रमांक, सगळं उताऱ्यावरच्या नावाला चिकटलेलं आहे. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात जमीन नावावर नसलेल्यांनाही शेतकरी मानणारी व्यापक व्याख्या आहे. डॉ. स्वामिनाथन यांनी स्त्री शेतकऱ्यांच्या हक्कांचं विधेयकही राज्यसभेत मांडलं होतं, ते मंजुरीविना संपलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे स्त्री शेतकऱ्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे. १५ ऑक्टोबरला महिला किसान दिवस होतो, सत्कार होतात. सत्काराची शाल मिळालेल्या बाईकडे स्वतःच्या नावचा उतारा आहे का, हे आयोजकांनी एकदा विचारून पाहावं.

कागदाइतकंच निकडीचं आहे तिच्याकडचं ज्ञान उतरवून घेणं. बहिणाबाई चौधरींची कविता आपल्याकडे आहे ती मुलानं, सोपानदेवांनी, जपली म्हणून. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा कळलं की केवढा ठेवा पिठाबरोबर उडून चालला होता. ओव्या तरी जमल्या. मूठ कशी धरायची, कुठलं कणीस बियाण्याला राखायचं, जनावर आजारी पडण्याआधी काय खाणं सोडतं, हे घरोघर तसंच जळून जातं आहे.

उतरवून घ्यायची रीत साधी आहे, पण चुका ठरलेल्या आहेत. फोन समोर धरून "आजी, तुमच्या जीवनाविषयी सांगा" असं म्हटलं की ती पदर सावरते आणि "काय सांगू बाबा, देवाच्या कृपेनं सगळं चांगलं झालं" इथेच थांबते. तिला रानात न्यावं किंवा हातात वस्तू द्यावी. सूप, गाडगं, खुरपं, बियाणं हातात आलं की बोलणं आपोआप सुटतं. प्रश्न किती, कधी आणि कशावरून कळलं, या तीन जातीचे असावेत. एका बैठकीला अर्धा तास आणि एकच विषय. मुलाला शेजारी बसवू नये, कारण तो तिच्या आधी उत्तर देतो. जाऊ किंवा जुनी मैत्रीण बसवावी, ती विसरलेलं आठवून देते. सालं तिला आकड्यांत आठवणार नाहीत, घटनांत आठवतील. कोयनेचा भूकंप म्हणजे डिसेंबर १९६७, किल्लारीचा म्हणजे ३० सप्टेंबर १९९३, मोठा दुष्काळ म्हणजे १९७२. दुष्काळाचं विचारताना "कसे दिवस होते?" असं विचारण्यापेक्षा "खडी फोडायला होता की पाझर तलावावर? सुकडी कुठे मिळायची? मिलोच्या भाकरीला काय घालायचात?" असं विचारावं. (सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलं जाणारं कोरडं पौष्टिक खाणं, मिलो म्हणजे तेव्हा बाहेरून आलेली लाल ज्वारी.) थोरल्या लेकीचं वय दुष्काळापासून मोजलं की तिचं स्वतःचं लग्नाचं सालही हाती लागतं.

तिचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, शुद्ध करायला जाऊ नये. एका तालुक्यात ज्याला चिपटं म्हणतात ते पुढच्या तालुक्यात वेगळ्या मापाचं असतं. म्हणून तिचं अधोली-पायलीचं माप ज्वारीनं शिगोशीग भरून काट्यावर ठेवावं आणि किलो-ग्रॅम लिहून ठेवावेत. नाहीतर "दोन पायल्या पेरले" याचा अर्थ नातवाला लागणार नाही. तिच्याबरोबर एकदा बांधाबांधानं फिरावं. वावरांची नावं, चिंचेचं, पांढरीचं, थळातलं, आणि कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठे मुरूम वर आहे, कुठला आंबा कोणत्या साली लावला, हे गटाच्या नकाशावर पेन्सिलीनं टिपावं. ध्वनिफितीला तारीख आणि विषयाचं नाव द्यावं, आणि ती निदान तीन ठिकाणी ठेवावी. एका फोनमध्ये ठेवलेली आजी तो फोन पाण्यात पडला की जाते.

आणि बियाणं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती देशी वाणांची बँक उभी केल्याबद्दल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईला बीजमाता म्हणून सगळा महाराष्ट्र ओळखतो. तसलीच एखादी लहानशी बँक हजारो घरांच्या उतरंडीत होती, आहे. ती कशी चालते हे घरातल्या एकाला तरी नीट यायला पाहिजे.

बियाण्याचं कणीस ती उभ्या पिकात, काढणीच्या आधी निवडते आणि चिंधी बांधून ठेवते. बांधाकडेचं मोठं कणीस ती घेत नाही, कारण तिथे ताटाला मोकळी जागा आणि ऊन जास्त मिळतं. तो मोठेपणा जागेचा असतो, वाणाचा नसतो. रानाच्या मधलं, शेजारच्यांच्या गर्दीतही भरलेलं, रोग नसलेलं कणीस तिला हवं असतं. ज्वारी बहुतांशी स्वपरागी असल्यानं थोड्या कणसांतही वाण टिकतं. बाजरीत पराग दुसऱ्या ताटावरून येतो, म्हणून बाजरीची चांगली पन्नासेक कणसं तरी मिसळावी लागतात. पाच-दहा कणसांवर भागवलं तर तीन-चार वर्षांत पीक खुरटतं. दुकानातल्या संकरित बियाण्याचं पुढल्या साली बी धरून चालत नाही, गुण फुटून निघतात. स्वतःचं बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि छाप न लावता विकायचा हक्क २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला दिलेला आहे.

वाळवण दाताखाली तपासतात. दाणा दबला तर ओल आहे, कट्‌कन फुटला तर साठवायला तयार. तूर, मूग, चवळीला भुंगा लागतो तो बाहेरून येतोच असं नाही. पुष्कळदा शेंग रानात असतानाच त्यावर अंडी घातलेली असतात. म्हणून कडक वाळवून, चाळलेली गार कोरडी राख दाण्यांमधल्या सगळ्या फटी भरतील इतकी मिसळायची. राखेत भुंग्याला हलता येत नाही, अंग खरवडून तो सुकून मरतो. राख कोमट किंवा दमट असली तर फायद्याऐवजी बुरशी येते. भोपळ्याच्या, काकडीच्या बिया शेणात थापून भिंतीला लावतात, दोडके चुलीच्या धुरात टांगतात. भुईमूग शेंगेतच ठेवतात, पेरणीच्या तोंडावर फोडतात, कारण टरफल काढलेल्या दाण्याची उगवण लवकर जाते.

घरात दुःख असलं तरी बियाण्याचं वय थांबत नाही. कांद्याचं बी वर्षभरात निकामी होतं. आजी गेल्यावर तिची गाडगी आठवण म्हणून माळ्यावर ठेवली तर दोन-तीन वर्षांत त्यात बहुतेक नुसता भुसा उरतो. म्हणून पहिल्याच मोसमात ती उघडायची. प्रत्येकातले न निवडता शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. ज्वारीचे कोंब चौथ्या दिवशी मोजायला लागायचं आणि दहाव्यापर्यंत मोजायचं. ज्वारी आणि तुरीला शंभरात पंचाहत्तर, हरभऱ्याला पंच्याऐंशी, कांद्याला सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. ज्वारीचे साठच उगवले तर एकरी चाराऐवजी पाच किलो धरायचं. तिसाच्या खाली आले तर सगळं बी घराजवळच्या वाफ्यात टोकून, पाणी देऊन आधी वाढवून घ्यायचं. दोन मुठी शेजारच्या दोन घरांत द्यायच्या, म्हणजे आपलं पीक बुडालं तरी वाण गावात राहतं. चिठ्ठीवर वाणाचं नाव, साल आणि कुणाकडचं बी आहे ते लिहायचं, तिच्या पूर्ण नावासह.